सिगार मुरवणारा माणूस : झिनो डेव्हिडॉफ

वैशाख संपत आला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातला तेंदूपत्त्याचा हंगाम ओसरू लागतो. सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक स्टँडर्ड बॅग, हा हिशेब बल्लारपूरच्या आसपासच्या गावांत लहानथोरांना तोंडपाठ असतो. तोडलेले पान फळीवर उन्हात वाळते. पुरते वाळल्यावर त्यावर पाणी शिंपडून ते जरा मऊ केले जाते आणि मगच पोत्यात भरले जाते. गोदामात ते महिनोन्महिने पडून राहते. विडी वळायच्या आधी कामगार स्त्रिया ते पुन्हा भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात. पान कोरडे राहिले तर वळताना तडकते आणि ओल जास्त झाली तर बुरशी धरते. या दोहोंच्या मधला तो नेमका क्षण ओळखणे हीच या धंद्यातली खरी विद्या.

याच विद्येवर युरोपातील एका दुकानदाराने जगभर नाव कमावले. त्याच्या हाती विडीऐवजी हवानाचा सिगार होता आणि गोदामाच्या जागी जिनिव्हातील एका दुकानाचे तळघर होते. त्याचे नाव झिनो डेव्हिडॉफ. आज हे नाव आपल्याकडे ऐकू येते ते बहुधा मॉलमधल्या अत्तरांच्या काउंटरवर. निळ्या बाटलीतले ते अत्तर १९८८ साली बाजारात आले. त्यावर ज्याचे नाव आहे तो गृहस्थ मुळात तंबाखूचा व्यापारी होता आणि सिगार विकण्याआधी तो मुरवावा लागतो, ही गोष्ट त्याने गिऱ्हाइकांच्या गळी उतरवण्यात हयात घालवली, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते.

झिनोचा जन्म १९०६ सालचा. तत्कालीन रशियन साम्राज्यातील युक्रेनमध्ये एका ज्यू कुटुंबात तो जन्मला. वडील तंबाखूचे व्यापारी होते. झारच्या राजवटीत ज्यूंवर वारंवार हल्ले होत आणि त्यांना सरकारचे संरक्षण मिळण्याची शाश्वती नसे. १९११ च्या सुमारास हे कुटुंब घरदार सोडून स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाला आले. तिथे वडिलांनी तंबाखूचे एक लहानसे दुकान थाटले. त्या काळी जिनिव्हा हे रशियातून परागंदा झालेल्या राजकीय मंडळींचे आश्रयस्थान होते. दुकानात त्यांची ऊठबस असे. खुद्द लेनिन या दुकानाचा गिऱ्हाईक होता, अशी कथा डेव्हिडॉफच्या नावाभोवती पुढे फिरत राहिली. ती रंजक असली तरी कालगणना तिला फारशी साथ देत नाही. लेनिनने १९०८ च्या अखेरीस जिनिव्हा सोडून पॅरिस गाठले होते आणि महायुद्धाच्या काळात तो स्वित्झर्लंडला परतला तेव्हा त्याचा मुक्काम मुख्यतः बर्न आणि झुरिचला होता. एखाद्या फेरीत तो दुकानात डोकावला असेलही, पण धंद्यातल्या अशा कथा थोड्या हातचे राखूनच ऐकाव्यात.

शालेय शिक्षण आटोपल्यावर १९२४ च्या सुमारास अठरा वर्षांचा झिनो जहाजाने दक्षिण अमेरिकेला गेला. आधी अर्जेंटिना, मग ब्राझील आणि शेवटी क्युबा असा त्याचा प्रवास झाला. क्युबात त्याने तंबाखूच्या मळ्यावर सुमारे दोन वर्षे काम केले. पुढच्या आयुष्याचा पाया या दोन वर्षांत घातला गेला, असे म्हणायला हरकत नाही.

तिथे त्याने काय पाहिले असेल, याचा अंदाज सिगारच्या घडणीवरून बांधता येतो. शेतातून खुडलेले पान माडीसारख्या उंच कोठारांत आठवडेच्या आठवडे टांगून वाळवतात. मग त्याचे मोठे ढीग लावतात. ढिगाच्या पोटात उष्णता वाढते, पान आपसूक उबते आणि त्यातला अमोनिया व इतर उग्र द्रव्ये बाहेर पडतात. काही पाने यानंतरही गठ्ठ्यांत वर्ष-दोन वर्षे पडून राहतात. मग कारागीर सिगार वळतो. पोटात भरणाची पाने, त्यांभोवती बांधणीचे पान आणि सर्वांत वर रेशमासारखे नितळ वेष्टणाचे पान. वळताना ही पाने ओलसर ठेवावी लागतात, म्हणून नुकता वळलेला सिगार ओला आणि उग्र असतो. कारखान्यातच देवदारी वासाच्या कपाटांत तो काही आठवडे विसावतो आणि तेव्हा कुठे पेटीत जातो. म्हणजे गिऱ्हाइकाच्या हाती सिगार येईतो त्याच्या आयुष्याचा मोठा भाग निव्वळ पडून राहण्यात गेलेला असतो.

१९३० च्या सुमारास झिनो जिनिव्हाला परतला. याच सुमारास मार्था मेयरशी त्याचा विवाह झाला आणि वडिलांच्या दुकानाची सूत्रे त्याने हाती घेतली. क्युबाहून आलेला माल इथे पाहताना एक गोष्ट त्याला खटकली असणार. हवानाची हवा वर्षभर दमट, तर जिनिव्हाच्या हिवाळ्यात घरे तापवली जातात आणि आतली हवा कोरडी ठणठणीत होते. समुद्रापलीकडे महिनोन्महिने निगुतीने सांभाळलेला सिगार इथे काचेच्या कपाटात काही दिवसांतच सुकून लाकूड होई. कारागिराची सगळी मेहनत शेवटच्या मुक्कामावर वाया जात होती आणि ती वाया घालवणारा दुकानदारच होता.

झिनोने दुकानाच्या तळघरात सिगारसाठी खास खोली तयार केली. तिथले तापमान आणि हवेतील ओलावा क्युबाच्या कोठारांशी मिळताजुळता राखला. ही युरोपातील अशा प्रकारची पहिलीच खोली होती, असे सांगितले जाते. हा दावा शब्दशः स्वीकारणे कठीण आहे, कारण लंडनचे जुने व्यापारी एकोणिसाव्या शतकापासूनच सिगार लाकडी खोल्यांत मुरवून विकत आणि इंग्रज गिऱ्हाइकांना असाच मुरलेला माल आवडे. परंतु लंडनमध्ये जी मूठभर उमरावांची चैन होती, तिचे रूपांतर झिनोने एका शिस्तीत केले आणि ती शिस्त काउंटरवर येणाऱ्या नवख्या गिऱ्हाइकालाही समजावून सांगितली, हे त्याचे श्रेय नाकारता येणार नाही. दुकानातली ही काळजी घरापर्यंत पोहोचावी म्हणून घरी ठेवण्याच्या लाकडी पेटीचा, म्हणजे ह्युमिडॉरचा, प्रसारही त्याने हिरिरीने केला.

ही शिस्त नेमकी कोणती, ते जरा विस्ताराने पाहिले पाहिजे. सिगारभोवतीच्या हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्के आणि तापमान १८ ते २१ अंश सेल्सिअस असावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. आर्द्रता यापेक्षा बरीच खाली गेली की पानातली तेले उडून जातात, सिगार भराभरा जळतो, धूर तापतो आणि जिभेला झोंबतो. ओलावा पुन्हा भरता येतो, पण उडून गेलेले तेल परत येत नाही. उलट आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे रेंगाळू लागली की बुरशीचे भय सुरू होते. अतिओला सिगार ओढायला जड जातो आणि वारंवार विझतो. तापमानाचे दुखणे वेगळेच. तंबाखूच्या पानात एका बारीक भुंगेऱ्याची अंडी दडलेली असू शकतात. पारा २४-२५ अंशांच्या वर राहिला की ती उबतात आणि आळ्या पेटीतल्या एकेका सिगारला सुईने टोचल्यासारखी भोके पाडत जातात.

पेटीच्या आतले लाकूड 'स्पॅनिश सीडर' या नावाने ओळखले जाते. नावात सीडर असले तरी ते देवदार नव्हे. ते कडुनिंब आणि महोगनीच्या कुळातले झाड असून आपल्याकडच्या तूण वृक्षाचे जवळचे नातेवाईक आहे. इतके जवळचे की वनस्पतिशास्त्रज्ञांनी तूणलाही पूर्वी त्याच प्रजातीत बसवले होते. हे लाकूड ओलावा शोषते आणि हवा कोरडी पडू लागली की सावकाश परत देते. त्याचा वास सिगारला मारक नसतो आणि किडीलाही तो फारसा रुचत नाही.

नवी पेटी आणली की लगेच सिगार भरायचे नसतात. कोरडे लाकूड आधी सिगारमधलाच ओलावा ओढून घेते. म्हणून रिकाम्या पेटीत ऊर्ध्वपातित पाण्याची वाटी ठेवून आठवडा-दोन आठवडे झाकण बंद ठेवतात. नळाचे किंवा बोअरचे पाणी इथे चालत नाही, त्यातले क्षार साचतात आणि बुरशीलाही वाव मिळतो. आर्द्रता दाखवणाऱ्या तबकडीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. मिठात पाण्याचे थेंब टाकून ओल्या वाळूसारखा लगदा करावा आणि तो एका झाकणात घेऊन तबकडीसह हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवावा. सकाळी काटा ७५ वर असेल तर तबकडी खरी, नसेल तर जेवढा फरक दिसेल तेवढा कायम लक्षात ठेवून वाचायची. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतला हा जुना प्रयोग आहे आणि त्याला खर्च जवळपास शून्य.

यानंतर येते ती विश्रांती. झिनोच्या शिस्तीचा गाभा हाच, आणि नवख्या माणसाला सर्वांत अवघड जाते तेही हेच. प्रवासातून आलेला सिगार त्याच दिवशी पेटवायचा नसतो. वाटेत त्याने ऊन, थंडी, विमानाच्या पोटातली कोरडी हवा असे सगळे सोसलेले असते. वेष्टणाचे पान एका अवस्थेत आणि पोटातले भरण दुसऱ्या, अशी त्याची गत झालेली असते. पेटीत दोन ते चार आठवडे तो निवांत राहिला की ओलावा आतबाहेर समान होतो. सुकलेला सिगार सुधारायचा तर आणखी सबुरी हवी. ओलावा हळूहळू, महिनाभराच्या हिशेबाने वाढवावा लागतो. घाईने ओल दिली की पोटातली पाने फुगतात आणि वरचे नाजूक पान उकलते. लोणच्याची बरणी रोज उघडून चाखणाऱ्याला मुरलेले लोणचे कधी मिळत नाही, तशातलाच हा प्रकार. फ्रिजमध्ये सिगार ठेवण्याची चूक पुष्कळजण करतात. फ्रिजची थंड हवा वस्तू सुकवते आणि शेजारच्या कांद्या-लसणाचा वास पान सहज पकडते.

बल्लारपुरात कुणी अशी पेटी बाळगायची म्हटली तर त्याची परीक्षा जिनिव्हाहून कठीण. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांपुढे जातो आणि दुपारच्या हवेत ओलाव्याचा मागमूस नसतो. श्रावणात तीच हवा इतकी दमट होते की कागदाचे ताव लाटांसारखे वळतात. कागद गिरणीच्या या गावाला ते वेगळे सांगायला नको. पान काय, कागद काय, वनस्पतीचा तंतू हवेतला ओलावा पीत आणि सोडत राहतोच. उन्हाळ्यात सुकवणूक आणि पावसाळ्यात बुरशी व भुंगेरे, असे दोन्ही शत्रू इथे एकाच वर्षात भेटतात. त्यामुळे पेटीची जागा घरातल्या सर्वांत थंड खोलीत, भिंतीतल्या कपाटात, उन्हापासून आणि कुलरच्या झोतापासून दूर असावी लागते. पावसाळ्यात पेटीतले पाणी वाढवण्याऐवजी कमी करावे लागते, हेही ध्यानात ठेवायला हवे.

झिनोच्या दुकानाकडे पुन्हा वळू. दुसऱ्या महायुद्धात स्वित्झर्लंड तटस्थ राहिले. युरोपभर टंचाई असताना जिनिव्हातले हे दुकान चालू राहिले आणि युद्धानंतर त्याची कीर्ती वाढली. १९४० च्या दशकात त्याने हवानाच्या ओयो द मॉन्तेरे या जुन्या कारखान्याकडून सिगारची खास मालिका करवून घेतली आणि तिला फ्रान्समधील नामांकित द्राक्षमळ्यांची नावे दिली. शातो लातूर, शातो मार्गो, शातो लाफीत ही ती नावे. आपल्या मराठवाड्यातल्या लातूरशी त्यातल्या एकाचा काही संबंध नाही, हे सांगून टाकलेले बरे. कल्पना मोठी चतुर होती. दारू मुरवावी लागते हे युरोपातल्या गिऱ्हाइकाला पिढ्यान्पिढ्या पटलेले होते. तेच नाव सिगारच्या पेटीवर दिसताच सिगारही मुरवावा लागतो, ही गोष्ट एका शब्दात पटली.

१९५९ साली क्युबात क्रांती झाली, पुढच्याच वर्षी तंबाखू उद्योगाचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९६२ साली अमेरिकेने क्युबाच्या मालावर बंदी घातली. जुने कारखानदार देश सोडून गेले. नव्या सरकारला जगाच्या बाजारात पत असलेले नाव हवे होते. १९६७ साली क्युबाच्या सरकारी तंबाखू संस्थेने झिनोकडे त्याच्या स्वतःच्या नावाचा सिगार काढण्याचा प्रस्ताव ठेवला. एका समाजवादी सरकारने जिनिव्हातल्या एका व्यापाऱ्याचे नाव आपल्या मालावर मिरवावे, हा इतिहासातला गमतीदार विरोधाभासच. हवानाच्या एल लागितो या जुन्या हवेलीत हे सिगार वळले जाऊ लागले. फिडेल कास्ट्रोसाठी आणि परदेशी पाहुण्यांच्या भेटीसाठी बनणारा कोहिबा सिगारही तिथलाच. या कारखान्यात सिगार वळण्याचे शिक्षण स्त्रियांना आवर्जून देण्यात आले. विडी वळणाऱ्या स्त्रियांच्या प्रदेशात राहणाऱ्या वाचकाला त्यात नवल वाटणार नाही, पण हवानात तोवर ते प्रामुख्याने पुरुषांचे काम मानले जाई. त्याच वर्षी झिनोचे सिगारवरील पुस्तकही प्रसिद्ध झाले आणि साठवणुकीचे हे सारे पाठ छापील रूपात आले.

१९७० साली झिनोने आपला व्यवसाय बाझेलच्या माक्स ऑटिंगर कंपनीला विकला. तो स्वतः नव्या मालकांचा सन्माननीय प्रतिनिधी म्हणून देशोदेशी हिंडत राहिला. नाव वाढत गेले. अमेरिकेत क्युबाचा माल चालत नव्हता म्हणून १९७७ साली होंडुरासमध्ये बनलेला 'झिनो' सिगार आला. पाठोपाठ अत्तरे आणि चैनीच्या इतर वस्तू आल्या. व्यापाराच्या दृष्टीने हा मोठाच विजय. पण तळघरातल्या खोलीवर ज्याने नाव उभे केले, त्याच्या नावाला आता त्या खोलीची गरज उरली नव्हती, हेही तितकेच खरे.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सिगारचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निर्धोक, हा समज खोटा आहे. तोंड, घसा आणि अन्ननलिकेचा कर्करोग सिगारनेही होतो आणि एका मोठ्या सिगारमध्ये कित्येक सिगारेटींइतका तंबाखू असतो. झिनो सत्त्याऐंशी वर्षे जगला, हा त्याविरुद्धचा पुरावा ठरत नाही. खर्ऱ्याने तोंडे आखडलेली तरुण मुले ज्या विदर्भात घरोघर दिसतात, तिथे तरी तंबाखूच्या कौतुकाला ही मर्यादा असलीच पाहिजे. उत्तम मुरलेला सिगार चवीला सौम्य असेल, पण शरीराला तो सौम्य नसतो.

१९८० च्या दशकात कंपनी आणि क्युबाचे सरकार यांच्यात खटके उडू लागले. मालाचा दर्जा घसरल्याची कंपनीची तक्रार होती आणि नावावरच्या हक्काचा वादही होता. १९८९ साली कंपनीने आपल्या दर्जाला न उतरलेले एक लाखाहून अधिक सिगार जाहीरपणे जाळून टाकले. एकेक पान शेतातून पेटीपर्यंत पोहोचायला वर्षे घेते, आणि लाखभर सिगार असे भट्टीत गेले. तो निषेध होता, तसाच तो जाहिरातीचा डावही होता. दोन्ही बाजूंनी पाहिले तरी ते दृश्य सुखावह खचितच नव्हते. यानंतर कंपनीने क्युबाशी संबंध तोडले आणि डॉमिनिकन प्रजासत्ताकात उत्पादन सुरू केले. १९९१ नंतर क्युबात बनलेला डेव्हिडॉफ सिगार बाजारात आला नाही. ऐंशीच्या घरातला झिनो या साऱ्याचा साक्षीदार होता, पण निर्णय आता त्याच्या हाती राहिलेले नव्हते.

१४ जानेवारी १९९४ रोजी जिनिव्हा येथे त्याचे निधन झाले. रू द रीव्ह या रस्त्यावरचे दुकान त्याच्या पश्चातही चालू राहिले. क्युबात बनलेले त्याच्या नावाचे जुने सिगार संग्राहकांच्या पेट्यांतून अजूनही शिल्लक आहेत आणि लिलावात त्यांना चढी किंमत मिळते. मात्र ती किंमत देण्यापूर्वी जाणकार खरेदीदार पेटीचे झाकण उघडतो, वेष्टणाचे पान कुठे उकलले आहे का, भुंगेऱ्याने भोके पाडली आहेत का ते निरखतो आणि गेली तीसेक वर्षे ही पेटी कुठल्या हवेत राहिली, याची चौकशी करतो.